फुकटचे विमान

आमच्या आईने चहाच्या पुड्यांवरची कूपने साठवून एक स्टीलचा डबा मिळवला होता. तो डबा आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि दर दिवाळीला त्यात चिवडा पडतो. पंचवीस कूपने झाली की मधला डबा आणि चाळीस झाली की मोठा, अशी ती योजना होती. आईची पंचवीस कूपने भरली ती नेमकी नवरात्रात. वडील हिशेबी गृहस्थ. ते म्हणाले, "थोडी थांब की. संक्रांतीपर्यंत चाळीस होतील. कूपनांच्या हिशेबाने मोठा डबा स्वस्त पडतो." आई म्हणाली, "मला डबा चिवड्यासाठी हवाय. संक्रांतीला मोठा डबा आणून त्यात काय तिळाचे चार लाडू ठेवू?" आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन ती मधला डबा घेऊन आली.

ही गोष्ट मी लहानपणी पुष्कळदा ऐकली आहे आणि मोठेपणी त्याहून अधिक वेळा लोकांना ऐकवली आहे. असे असूनही साठीच्या उंबरठ्यावर माणसाची बुद्धी कशी फिरते, ते कबूल करण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

आम्ही विलेपार्ल्याला राहतो. म्हणजे आमच्या डोक्यावरून दिवसभर विमाने जात असतात. पाहुणे मंडळी बोलता बोलता दचकून वर पाहतात. आम्ही मात्र विमान जाईपर्यंत वाक्य तोंडात धरून ठेवतो आणि मग पुढे चालू करतो. सौभाग्यवती गच्चीवर पापड वाळत घालताना मधूनच विचारी, "अहो, हे लंडनचं असेल का हो?" मी ठोकून देई, "असेल." कारण लंडनला तिची थोरली बहीण असते. आमची अक्का.

अक्का हॅरो भागात गेली चाळीस वर्षे राहत होती. दर तीन-चार वर्षांनी ती इकडे येई, आणि येताना घरच्या सफरचंदांचा मुरांबा आणी. तिच्या घरामागे छोटीशी बाग होती आणि त्या बागेत सफरचंदाचे एक झाड होते. सप्टेंबरात ते फळांनी वाकते, असे ती सांगे. "तू एकदा सप्टेंबरात ये गं," ती हिला म्हणे, "झाडाखाली खुर्च्या टाकून बसू आणि वाटेल तेवढ्या गप्पा मारू." ही म्हणे, "येईन की." मग मुलीच्या शाळा आल्या, घराचे हप्ते आले, माझ्या आईचे आजारपण आले. 'येईन की' हे वाक्य तीस वर्षे तसेच राहिले.

२०२१ च्या डिसेंबरात मुलीचे लग्न झाले. त्याच सुमारास एका बँकेचा तरुण माणूस माझ्या गळ्यात क्रेडिट कार्ड घालून गेला. माझा भाचा म्हणाला, "मामा, आता रोख एक पैसाही देऊ नका. हॉल कार्डावर, दागिने कार्डावर, केटरर कार्डावर. पैसे काय, ठेव मोडून द्यायचेच आहेत. ते बँकेतून कार्डात जाऊ देत आणि कार्डातून बाहेर. जाता जाता पॉइंट पडतील." मी तसे केले. कन्यादानाचे पुण्य किती पडले ते परमेश्वराला ठाऊक. पॉइंट मात्र महिनाअखेरीस छापून आले. ते पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलता येतात आणि मैल देऊन तिकीट काढता येते, हे भाच्याने समजावून सांगितले. त्या रात्री गच्चीवरून एक विमान गेले तेव्हा मीच आपण होऊन म्हणालो, "हे लंडनचं."

पुढच्या दहा महिन्यांत मी वीज, विमा, दवाखाना, किराणा सगळे कार्डावर आणले. फक्त आमचा कोपऱ्यावरचा वाणी बधला नाही. त्याने यूपीआयचा कागद पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, यात मला काही पडत नाही. कार्डात दोन टक्के तुमची बँक कापते, ते कोण देणार?" त्या वेळी मला तो कद्रू वाटला. नंतर कळले की या सगळ्या शास्त्रातले पहिले सूत्र त्यानेच मला फुकट शिकवले होते. आपल्याला मिळणारा पॉइंट हा आकाशातून पडत नाही. तो दुकानदाराच्या गल्ल्यातून येतो. युरोपात २०१५ च्या कायद्याने दुकानदाराच्या बँकेकडून कार्डवाल्या बँकेला मिळणाऱ्या रकमेवर क्रेडिट कार्डासाठी शंभराला तीस पैसे एवढी मर्यादा घातली, तेव्हा तिथल्या बक्षिसांनाही आपोआप कात्री लागली. अमेरिकेत अशी मर्यादा नाही, म्हणून तिकडची कार्डे उदार. ज्याला हे मूळ ठाऊक नाही, तो अमेरिकेतला सल्ला पार्ल्यात वापरायला जातो आणि तोंडघशी पडतो. मी गेलो होतो.

२०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, मी पॉइंट मोजले. साध्या वर्गाची दोन तिकिटे, मुंबई ते लंडन आणि परत, पुरेपूर बसत होती. विमान कंपन्या मैलांची आसने साधारण अकरा-बारा महिने आधी खुली करतात, म्हणजे पुढच्या सप्टेंबरची तारीख धरता येत होती. सफरचंदांचा सप्टेंबर! मी हिला हाक मारणार, एवढ्यात भाऊबिजेची तयारी विचारायला भाच्याचा फोन आला आणि मी घोटाळा केला. त्याला विचारले.

"मामा, वेडे आहात का?" तो ओरडलाच. "साध्या वर्गात पॉइंट जाळायचे? एका पॉइंटला साठ पैसेसुद्धा पडणार नाहीत. थोडे थांबा. दुप्पट पॉइंट झाले की बिझनेस क्लास काढा. ते तिकीट अडीच लाखांचं असतं. पॉइंटमागे दीड रुपयाच्या वर सुटेल!" आणि त्याने मला वाचायला दहा-बारा लेखांचा गठ्ठा मोबाईलवर पाठवून दिला.

त्या दिवसापासून मी पॉइंटशास्त्री मंडळींच्या नादी लागलो. सकाळी वर्तमानपत्राच्या आधी मी त्यांना वाचू लागलो. तिकडे अमेरिकेत हे शास्त्र केवढे जुने आहे ते त्यांच्याकडून कळले. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने उडालेल्या मैलांचा हिशेब ठेवून फुकट तिकिटे देण्याची योजना काढली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली काढली. पुढे बँकांनी या मैलांचा कार्डांशी पाट लावला आणि विमानात पाऊल न टाकता मैल साठवणारा एक नवा वर्ग जन्माला आला. मी त्यातलाच.

या वर्गाची पुराणेही मी मन लावून वाचली. कॅलिफोर्नियातील एका इंजिनियराने १९९९ साली एका खाद्य कंपनीची योजना बारकाईने वाचली, पंचवीस सेंटांना मिळणाऱ्या पुडिंगच्या वाट्या १२,१५० विकत घेतल्या आणि त्यांवरची लेबले पाठवून सुमारे साडेबारा लाख मैल मिळवले. लेबले सोलायला त्याने एका धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक मिळवले आणि पुडिंग त्या संस्थेलाच दान करून टाकले! अमेरिकन सरकारच्या टाकसाळीने डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून घरपोच, टपालखर्च न घेता विकायला काढली, तेव्हा लोकांनी ती कार्डावर मागवली, तशीच बँकेत नेऊन भरली आणि मधल्या मध्ये मैल घेतले. २०११ मध्ये टाकसाळीने कार्डावर नाणी देणे बंद केले. मी ही पुराणे हिला मोठ्याने वाचून दाखवत असे. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "ते पुडिंग कुणी खाल्लं तरी. आपलं काय?"

प्रश्न साधा होता, आणि आज मला वाटते की या विषयावरचे कोणतेही लिखाण वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा. आपले काय? बंद झालेल्या युक्त्यांच्या कथा या सुरस असतात, पण त्या शिकारकथा. त्या वाचून वाघ मिळत नाही.

आता त्या बिझनेस क्लासच्या हिशेबाकडे येतो, कारण माझा घात तिथे झाला. अडीच लाखांचे तिकीट मैलांवर मिळाले म्हणजे अडीच लाख वाचले, असे ही मंडळी लिहितात. आकडेमोड बिनचूक असते. पण मी अडीच लाख देऊन ते तिकीट जन्मात काढले नसते. जे मी खर्चलेच नसते ते माझे वाचले कसे? सेलमध्ये दहा हजारांचा शालू चार हजारांना घेऊन येणारा नवरा घरी 'सहा हजार वाचवले' म्हणून सांगतो, तेव्हा बायको चार हजार कुठे गेले ते विचारते. माझ्यापुरती तिकिटाची खरी किंमत होती ती साध्या वर्गाची साठ हजार. कारण तेवढेच मी कधीतरी, मन घट्ट करून, दिले असते.

शिवाय फुकट म्हणजे अगदी फुकट नव्हेच. मैलांच्या तिकिटावरही विमानतळाचे आणि सरकारचे कर रोखीने भरावे लागतात, आणि कित्येक कंपन्या वर आपला स्वतःचा अधिभार लावतात. लंडनहून परतताना इंग्रज सरकार विमान-प्रवासकर घेते. तो वरच्या वर्गाला साध्या वर्गाच्या दुपटीहून अधिक असतो. मी वाचलेल्या दहा लेखांपैकी आठ लेखांत रुंद खुर्चीचे वर्णन होते, पाय किती लांब करता येतात ते होते, जेवणाबरोबर काय मिळते तेही होते. कराचा आकडा दोनच लेखांत होता. ते दोन लेखच खरे वाचण्यासारखे होते. पण त्यांत छायाचित्रे नव्हती, म्हणून मी ते अर्धेच वाचले.

असा मी थांबलो. थांबण्यातही एक कैफ असतो. बँकेच्या पासबुकातली ठेव वाढताना पाहावी तसा मी पॉइंटांचा आकडा पाहत असे. ही एक-दोनदा म्हणाली, "सप्टेंबरचं काय करायचं? अक्का विचारत होती." मी म्हटले, "अगं, जरा दम धर. तुला झोपून नेतो की नाही बघ." ती हसली. "झोपून जायला काय मी आजारी आहे?" एवढेच म्हणाली, आणि पुन्हा तिने तो विषय काढला नाही. तीस वर्षांच्या संसारात मला एक गोष्ट कळायला हवी होती. बायकोने विषय काढणे बंद केले की तो मिटलेला नसतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एके सकाळी बँकेचे पत्र आले. अमुक तारखेपासून पॉइंटांचे मैलांत रूपांतर करण्याचा दर बदलत आहे, असे अत्यंत गोड शब्दांत त्यात लिहिले होते. बदल म्हणजे निम्मा. काल जे पॉइंट दोन माणसांना लंडनला नेऊन आणत होते, ते आता एका माणसाला नेऊन आणणार होते. दर बदलायच्या आत मैलांत बदलून टाकावे म्हणून मी धावलो, तर मला ते पत्र मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी दिसले होते. मी पॉइंटशास्त्र्यांचे लेख रोज वाचत होतो. स्वतःच्या बँकेचे पत्र तेवढे वाचायचे राहिले होते.

मी भाच्याला फोन केला. तोही हळहळला. मग मी सहज विचारले, "तुझे किती आहेत रे?"

"तीन लाखांच्या वर होते, मामा."

"आणि आजवर गेलास कुठे कुठे?"

पलीकडे जरा शांतता झाली. "तसा अजून कुठे नाही. लोणावळ्याला गेलो होतो मध्ये. पण तो पेट्रोलचा खर्च."

मला त्याचा राग आला नाही. त्याने मला फसवले नव्हते; जे वाचले होते ते सांगितले होते. मग मला प्रश्न पडला की त्याने जे वाचले ते ज्यांनी लिहिले, त्यांनी तसे का लिहिले? मी जुने लेख पुन्हा काढले आणि या वेळी शेवटून वाचायला सुरुवात केली. तळाशी, डोळ्यांना ताण पडेल अशा अक्षरांत, बहुतेक ठिकाणी एक ओळ होती: यातील कार्डांची शिफारस केल्याबद्दल लेखकाला मोबदला मिळू शकतो. त्याच्या शिफारशीने आलेला अर्ज मंजूर झाला की बँक त्याला दलाली देते. यात बेकायदा काही नाही. उलट ही गोष्ट लपवू नये असाच दंडक आहे. अमेरिकेत व्यापार आयोगाने २००९ साली तसे बजावले आणि आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ च्या मे महिन्यात नियम घालून दिले. पण ओळ छापली म्हणून मोह सुटतो थोडाच! मी ज्यांना शास्त्री समजत होतो, त्यांतले निम्मे वधूवरसूचक मंडळाचे चालक होते. स्थळ जमले की दक्षिणा. पुढे संसार कसा होतो हा त्यांचा प्रश्न नाही. आणि 'हे स्थळ तुमच्यासाठी नाही' असे दक्षिणेवर पाणी सोडून सांगणारा चालक तुम्ही कितीसे पाहिले आहेत?

असा एक मला सापडला. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की मीही दलाल ठरेन. या गृहस्थाच्या लेखाच्या डोक्यावरच तारीख असे, आणि 'हे दर मी अमुक दिवशी तपासले' असे लिहिलेले असे. ही तारीख फार महत्त्वाची. हे शास्त्र दुधासारखे आहे. काल चांगले होते म्हणून आज पिता येत नाही. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने २०१५ मध्ये मैलांचे दरपत्रकच काढून टाकले. त्याआधी लिहिलेला त्या दरांवरचा सगळा उपदेश एका दिवसात रद्दी झाला. आपल्याकडे जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा तिच्या विमानातली तिने दिलेली आसने डोळ्यांसमोर ठेवून मैल साठवणाऱ्यांचे काय झाले असेल, ते मला आता चांगले कळते. मैल आपल्या नावावर असतात, पण त्यांचा भाव ठरवणारा दुसराच असतो. म्हणून ती ठेव नव्हे. ठेवीला व्याज चढते. मैलांचा भाव बहुधा उतरतच जातो.

दुसरे, या गृहस्थाने आपल्या फसगती लिहिल्या होत्या. अमुक कार्ड घेतले, फी भरली आणि वर्षअखेर हिशेब केला तेव्हा फी जास्त आणि लाभ कमी निघाला. या वर्षी दिवाळीत मैल वापरण्यापेक्षा रोखीने तिकीट स्वस्त पडले, म्हणून रोखीनेच गेलो. ज्याचा डाव कधी फसतच नाही, तो खेळाडू नसतो, तिकिटे विकणारा असतो, हे मला तिथे उमगले.

तिसरे, त्याच्या एका लेखाची सुरुवातच अशी होती की ज्याने एक महिनासुद्धा कार्डाची बाकी ठेवली असेल, त्याने पुढे वाचू नये. आधी जाऊन बाकी फेडावी. आपल्याकडे पुष्कळ कार्डांवर थकबाकीला दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला बेचाळीस. शंभर रुपयांच्या खर्चावर पॉइंट मिळणार एक-दोन रुपयांचे. एका महिन्याच्या बाकीत ते सगळे वाहून जातात, आणि वर एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. बँकेच्या माणसाने हे मला सांगितले नव्हते. सांगेल कसा? माझ्यासारखे पुरते पैसे भरणारे तिच्या दृष्टीने कमी फायद्याचे गिऱ्हाईक.

आणि चौथी गोष्ट. ती वाचली तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला. त्याने लिहिले होते की मैलांचा हिशेब करण्यापूर्वी कागदावर दोन गोष्टी लिहा. कुठे जायचे आहे आणि केव्हा. त्या जागी, त्या वेळी नेणारे तिकीट मिळत असेल तर घ्या. त्याहून चांगला सौदा नसतो.

म्हणजे आईचा मधला डबा!

हे मला कळले तेव्हा जून उजाडला होता. सप्टेंबरची मैलांची आसने केव्हाच संपली होती. एका विमानात ती असतात मूठभर. रोखीचे भाव चढले होते. मी म्हटले, पुढच्या सप्टेंबरला जाऊ. नोव्हेंबरात अक्काचा फोन आला. तिचे गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता. घर विकले होते आणि ती मुलीकडे फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती. ही म्हणाली, "बरं केलंस. एकटीने किती दिवस करणार?" मग बराच वेळ नुसते ऐकत राहिली. शेवटी विचारले, "आणि झाड?" अक्का काय म्हणाली ते मला ऐकू आले, कारण तिचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. "अगं, झाड कसं नेता येईल?" हिने फोन ठेवला आणि ताटात उरलेल्या शेंगा सोलायला बसली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही गेलो. एक तिकीट पॉइंटांवर आणि एक रोखीने, दोन्ही साध्या वर्गाची. पॉइंटांचे तिकीट हिच्या नावावर काढले. ते तिचेच होते. पाय लांब करता आले नाहीत. जेवणात पनीर होते. शेजारच्या मुलाने तिच्या खांद्यावर डोके टाकून झोप काढली आणि ती नऊ तास हललीसुद्धा नाही. "लेकरू उठेल," म्हणाली. एवढी काळजी विमानातल्या सेवकांनी आमची घेतली नाही, पण ही अगदी खुशीत होती.

अक्काच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये दोघी बहिणी तीन आठवडे बोलत होत्या. सकाळी चहापासून जे सुरू होई ते रात्री दिवे मालवले तरी भिंतीपलीकडून ऐकू येई. चौथ्या की पाचव्या दिवशी अक्का म्हणाली, "चल, तुला घर दाखवून आणते. बाहेरून का होईना." भाचीने गाडी काढली. रस्ता शांत होता, सगळी घरे एकासारखी एक, लाल विटांची. अक्का गाडीतच बसली आणि काचेतून बोट दाखवले. आम्ही दोघे फूटपाथवर उतरलो. घराच्या बाजूच्या कुंपणावरून मागच्या बागेतल्या झाडाची एक फांदी दिसत होती. मे महिना, त्यामुळे तिच्यावर फळ नव्हते; पांढरा-गुलाबी फुलोरा होता, तोही गळत आलेला. गाडीतून अक्काने विचारले, "आत विचारू का गं? माणसं चांगली आहेत." ही म्हणाली, "नको. त्यांचं घर आहे आता ते." आणि जरा वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, फुलं पांढरी असतात होय? अक्काने कधी सांगितलं नव्हतं."

मी हिशेबी वडिलांचा हिशेबी मुलगा. त्या फूटपाथवर उभे राहून मी मनातल्या मनात तो जुना हिशेब पुन्हा केला. साध्या वर्गात पॉइंटमागे साठ पैसे, बिझनेसमध्ये दीड रुपया. फरक नव्वद पैशांचा. त्या नव्वद पैशांच्या लोभाने मी एक सप्टेंबर घालवला. सप्टेंबरचा दर कुठल्याच शास्त्र्याच्या कोष्टकात नव्हता, आणि मी तो विचारलाही नव्हता.

परत आल्यावर भाचा भेटायला आला. अक्काने दिलेली बिस्किटे खाल्ली, फोटो पाहिले आणि अगदी सवयीने विचारले, "मामा, शेवटी पॉइंटमागे किती पडले?"

मी म्हटले, "ते सोड. तुझ्या आईला कुठे जायचंय रे?"

तो गोंधळला. "आईला? आई कुठे जातेय? मागे एकदा काशी म्हणत होती. बाबा होते तेव्हा ठरलं होतं ते."

"केव्हा म्हणत होती?"

"झाली की सात-आठ वर्षं."

मी त्याच्यासमोर एक कागद आणि पेन्सिल ठेवली आणि स्वयंपाकघरात चहा सांगायला गेलो. आत ही पाटावर चढून वरच्या फळीवरून आईचा डबा काढत होती. दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश होता, पण बिस्किटे ठेवायला तिला तोच हवा होता.

त्या देवदिवाळीला माझी बहीण काशीला जाऊन आली. भाच्याने आपले पॉइंट मोडून दोघांची मुंबई–वाराणसी तिकिटे काढली होती. घाटावरच्या दिव्यांचे फोटो त्याने मला पाठवले आणि खाली, थोडे खजील होऊन असावे, लिहिले: "मामा, पॉइंटमागे पस्तीसच पैसे पडले."

मी त्याला उत्तर पाठवले, "वाहवा! फार चांगला भाव मिळाला."